दहा वर्षांची मुदत

अनेक मशीनवर सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कुबरनेटीसचा क्लस्टर क्यूबएडीएम या साधनाने बसवला की सर्व्हरवर दोन प्रकारची सर्टिफिकेटं तयार होतात. एक मूळ सर्टिफिकेट, ज्याच्या सहीमुळे बाकीची खरी मानली जातात. त्याची मुदत दहा वर्षं. दुसरी एपीआय सर्व्हर, एटसीडी, कंट्रोलर मॅनेजर, शेड्युलर या क्लस्टर हाकणाऱ्या घटकांची. त्यांची मुदत एक वर्ष. हा फरक दस्तऐवजांत स्वच्छ लिहिलेला आहे आणि एक कमांड दिली तर स्क्रीनवर तारखांसकट दिसतो. मी तो वर्षभर पाहिला नाही. ज्या एका व्यक्तीने मला त्याबद्दल विचारलं, तिला मी चुकीचं उत्तर दिलं.

तेव्हा मी पुण्यातल्या एका कंपनीत सिस्टिम्सचा प्रमुख होतो. कंपनी सहकारी पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवायची: ठेवी, कर्जं, पिग्मीचं संकलन, सभासदांची पासबुकं. सर्व्हर आमचेच होते, भाड्याच्या रॅकमध्ये ठेवलेले. प्रत्येक संस्थेसाठी सॉफ्टवेअरची वेगळी प्रत चालायची, आणि नवी आवृत्ती आली की रात्री बसून एकेका प्रतीवर ती चढवावी लागायची. दुरुस्ती एका तालुक्यात पोहोचायची आणि दुसऱ्यात राहून जायची. गूगलने कुबरनेटीस २०१४ साली खुलं केलं, पुढच्या वर्षी त्याची पहिली पक्की आवृत्ती आली, आणि २०२० पर्यंत आमच्यासारख्या लहान कंपन्याही त्याकडे वळू लागल्या होत्या. आम्हाला त्याची गरज होती का, असं कुणी आज विचारलं तर मी हो म्हणेन. पंचवीस ठिकाणी हाताने करायचं काम एका फाइलमध्ये लिहून ठेवता येणं ही मोठी सोय होती. निर्णय चुकला नाही. तो निभावताना मी चुकलो.

सुरुवातीच्या चुका स्वस्तातल्या होत्या. क्लस्टरसाठी प्रत्येक मशीनवर चालणाऱ्या क्यूबलेटला तेव्हा स्वॅप चालत नसे म्हणून मी तो बंद केला, पण एफएसटॅब फाइलमधली त्याची ओळ तशीच ठेवली. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर स्वॅप परत आला आणि क्यूबलेट उठेना. पॉडच्या, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यांत चालतं त्या एककांच्या, नेटवर्कसाठी मी कॅलिको या नेटवर्क प्लगइनची ठरलेली १९२.१६८ ची पत्त्यांची पट्टी घेतली. ऑफिसचं नेटवर्कही त्याच पट्टीत होतं, त्यामुळे पॉडना डेटाबेसचा सर्व्हर सापडेना, आणि कारण कळेपर्यंत मी फायरवॉलला दोष देत राहिलो. हे सगळं चाचणीच्या क्लस्टरवर झालं. कुणाचं नुकसान झालं नाही, प्रत्येक चूक मीच शोधली आणि मीच दुरुस्त केली. त्यातून माझा एक समज झाला: काही बिघडलं तर मला कळेल, आणि कळलं की मी ते सावरेन. पुढच्या वर्षभरात मी जे जे सोडून दिलं ते या समजाच्या भरवशावर.

खरा क्लस्टर २९ मार्च २०२१ ला, धुळवडीच्या सुट्टीच्या दिवशी बसवला. नवं आर्थिक वर्ष नव्या व्यवस्थेवर सुरू करायचं होतं. आवृत्ती १.२०. एका मशीनवर कंट्रोल प्लेन, म्हणजे क्लस्टर हाकणारा भाग, बाकीची मशीनं कामाचे नोड. दुपारी एकच्या सुमाराला मी सुरुवातीची कमांड दिली. पुढे कधी दुसरं कंट्रोल प्लेन जोडायचं असेल तर त्या कमांडमध्येच सगळ्यांसाठी एक सामाईक पत्ता द्यावा लागतो. तो न देता बसवलेल्या क्लस्टरचं रूपांतर नंतर क्यूबएडीएम करून देत नाही. मी पत्ता दिला नाही. ‘नंतर बघू’ असं ठरवायलाही मी थांबलो नव्हतो. ती ओळ मी वाचलीच नव्हती.

डेटाबेस सांभाळणाऱ्या आमच्या डीबीएंनी डेटाबेस क्लस्टरमध्ये टाकायला ठाम नकार दिला. ते माझ्यापेक्षा वयाने मोठे, शब्दाला पक्के. मला त्यांचा विरोध जुन्या वळणाचा वाटला आणि मी तो तसा बोलूनही दाखवला. त्यांनी वाद घातला नाही, फक्त डेटाबेस स्वतंत्र सर्व्हरवर ठेवला. पुढच्या वर्षी एकाही खातेदाराची एकही नोंद गेली नाही, ते त्यांच्यामुळे.

बसवणी झाल्यावर काही आठवड्यांनी माझ्या हाताखाली काम करणाऱ्या एका ज्युनिअरने विचारलं, “सर, ही सर्टिफिकेटं कधी संपतात?” ती नवीन होती, दस्तऐवज वाचत वाचत शिकत होती, आणि प्रश्न नेमका होता. मी सर्व्हरवर लॉगिन केलं, सर्टिफिकेटांच्या फोल्डरमधली पहिली दिसलेली फाइल उघडली आणि तारीख पाहिली: २०३१. म्हटलं, “दहा वर्षांची आहेत. काळजी करू नकोस.” ती फाइल मूळ सर्टिफिकेटची होती. शेजारीच एपीआय सर्व्हरची फाइल होती, तीही उघडली असती तर २०२२ दिसलं असतं. मी उघडली नाही, कारण मला उत्तर मिळालं होतं. तिने तिच्या वहीत ते लिहून घेतलं. ती वही नंतर मी पाहिली आहे.

या दुसऱ्या प्रकारच्या सर्टिफिकेटांची मुदत एक वर्षच ठेवण्यामागे विचार आहे. कंट्रोल प्लेन अपग्रेड केलं की क्यूबएडीएम सर्टिफिकेटंही आपोआप नवी करतो. वर्षातून एकदा जरी अपग्रेड केलं तरी मुदतीचा प्रश्न येत नाही. म्हणजे माझी सर्टिफिकेटं संपली याचा सरळ अर्थ असा की मी वर्षभर अपग्रेड केलं नाही. त्याचीही गोष्ट आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये १.२२ आली आणि तिच्यात इनग्रेसचं, म्हणजे बाहेरच्या मागण्यांची वाट ठरवणाऱ्या नोंदींचं, जुनं बीटा रूप काढून टाकलेलं होतं. आमच्या सगळ्या फाइली त्या जुन्या रूपात लिहिलेल्या. त्या बदलायच्या म्हणजे प्रत्येक संस्थेची वाट पुन्हा तपासायची. काम किचकट होतं, अवघड नव्हतं. मी ते दिवाळीनंतर करू म्हटलं, मग जानेवारीत, मग मार्च अखेरीनंतर. १.२१ वर जायला यातल्या कशाचीच अडचण नव्हती, आणि तेवढं केलं असतं तरी सर्टिफिकेटं नवी झाली असती. पण मोठं काम डोळ्यांसमोर होतं म्हणून मी छोटंही केलं नाही. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर १.२० ला मिळणाऱ्या दुरुस्त्याही बंद झाल्या.

मार्च अखेर म्हणजे पतसंस्थांमध्ये काय असतं ते तिथे काम केलेल्यांना माहीत आहे. व्याजाच्या नोंदी, थकबाकीची वसुली, ताळेबंद, रात्री उशिरापर्यंत जळणारे दिवे. त्या वर्षी २८ आणि २९ मार्चला कामगार संघटनांचा देशव्यापी संप होता, त्यात बँक कर्मचारीही उतरले होते. आमच्या ग्राहक संस्था मात्र उघड्या होत्या आणि त्यांच्या काउंटरवर गर्दी होती.

२९ मार्चला दुपारी व्याजाच्या अहवालातली एक छोटी दुरुस्ती चढवायची होती. मी कमांड दिली आणि उत्तर आलं की सर्टिफिकेटची मुदत संपली आहे किंवा अजून सुरू झालेली नाही. संदेशात कारण स्पष्ट लिहिलेलं होतं. मी तो वाचला आणि बाजूला सारला, कारण सर्टिफिकेटं दहा वर्षांची आहेत हे मला ‘माहीत’ होतं. मला वाटलं, सर्व्हरचं घड्याळ बिघडलं असेल. घड्याळ बरोबर होतं. मग वाटलं, एपीआय सर्व्हर अडकला असेल. मी कंट्रोल प्लेनचं मशीन रीबूट केलं.

त्या क्षणी सगळ्या पतसंस्थांचं काम व्यवस्थित चालू होतं. हे मला नंतर कळलं, आणि हेच सगळ्यात आधी पाहायला हवं होतं. एपीआय सर्व्हर बंद पडला तरी नोडवर आधीच चालू असलेले पॉड चालू राहतात. कारखान्याच्या ऑफिसला कुलूप लागलं तरी आत पाळी चालूच राहते, तसं. नवीन काही सुरू करता येत नाही, मेलेल्या पॉडच्या जागी दुसऱ्या नोडवर नवा उभा राहत नाही, पण जे चाललंय ते चालतं. काउंटरवरच्या एकाही माणसाला काही जाणवलेलं नव्हतं. एकही फोन आला नव्हता. मला घाई करायचं काहीही कारण नव्हतं.

रीबूटने काही सुधारलं नाही. तेव्हा मी कामाचा एक नोड रीबूट केला. तो उठला, पण त्यावरचे पॉड उठले नाहीत. क्यूबलेटला कुठले पॉड चालवायचे ते एपीआय सर्व्हरकडून कळतं, आणि मुदत संपलेलं सर्टिफिकेट दाखवणाऱ्या सर्व्हरवर तो विश्वास ठेवत नाही. त्याने ठेवू नयेच. आता दुसरीच अडचण सुरू झाली. त्या नोडवरचे पॉड गेले आहेत ही बातमी क्लस्टरभर पोहोचवणारं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे बाकीचे नोड काही मागण्या त्या मेलेल्या पत्त्यांवर पाठवतच राहिले. कुठे पासबुक उघडे, कुठे उघडेना. पहिला फोन तेव्हा आला. मला वाटलं बिघाड पसरतोय. म्हणून मी उरलेले नोडही रीबूट केले, एकामागून एक, आधीचा सावरतोय का हे न बघता. शेवटचा नोड बंद झाला तेव्हा सगळ्या संस्था बंद झाल्या होत्या. त्या मी बंद केल्या होत्या.

यातलं कोणतंही पाऊल उचलताना मी कुणाला विचारलं नाही. ती ज्युनिअर माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. मी नोडमागून नोड खाली आणत असताना ती गप्प बसून पहिला संदेश पुन्हा वाचत होती. शेवटी तिने स्वतःच एपीआय सर्व्हरच्या सर्टिफिकेटची फाइल उघडली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तारीख आजचीच होती आणि वेळ धुळवडीच्या दुपारी मी जी कमांड दिली होती तिची. ती फक्त म्हणाली, “सर, हे वेगळं सर्टिफिकेट आहे.”

त्यानंतरचं काम काही मिनिटांचं. सर्टिफिकेटं नवी करायची, कंट्रोल प्लेनचे घटक पुन्हा सुरू करायचे, अॅडमिनची नवी फाइल जागेवर ठेवायची. नोड परत आले आणि सगळे पॉड एकदम उठायला गेले. तिथे माझा आणखी एक जुना निर्णय आडवा आला. आमच्या इमेजना मी आवृत्तीचा आकडा न देता सगळीकडे ‘लेटेस्ट’ असंच नाव दिलं होतं. तसं असलं की प्रत्येक पॉड सुरू होताना इमेज जिथे साठवतात त्या रजिस्ट्रीला विचारायला जातो, इमेज नोडवर हजर असली तरी. आमची रजिस्ट्री त्याच क्लस्टरमध्ये एक पॉड म्हणून चालत होती आणि तीही अजून उठायची होती. विचारणारे पॉड नकार मिळाला की थांबत, आणि हे थांबणं वाढत वाढत पाच मिनिटांपर्यंत जातं. आम्ही एकेक पॉड हाताने मारून पुन्हा उठवत बसलो. शेवटची संस्था सुरू झाली तेव्हा काउंटर बंद व्हायची वेळ टळून गेली होती. पिग्मी एजंट दिवसभराची रक्कम आणि यंत्रं घेऊन शाखांमध्ये थांबले होते, कारण संकलन वर चढत नव्हतं. कारकुनांनी दुपारनंतरचे व्यवहार कागदावर लिहिले होते, ते त्यांनी रात्री बसून भरले. वर्षअखेरच्या धांदलीत त्यांच्या वाट्याला आलेलं ते काम माझं होतं.

अहवाल मी दुसऱ्या दिवशी लिहिला. त्यात मुख्य वाक्य असं होतं: सर्टिफिकेटची मुदत संपल्यामुळे क्लस्टर बंद पडला. वाचायला ते बरोबर वाटतं. बैठकीत मालकांनी विचारलं, हे आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं का? मी म्हणालो, अशा गोष्टी राहून जातात. ती ज्युनिअर टेबलाच्या पलीकडे बसली होती. तिने वर्षापूर्वी विचारलं होतं हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी बोललो नाही, तीही बोलली नाही.

काही दिवसांनी डीबीए माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, “अहो, तुम्ही लिहिलंय सर्टिफिकेट एकला संपलं आणि सगळं बंद पडलं. माझ्याकडे डेटाबेसची कनेक्शन्स दोन वाजेपर्यंत व्यवस्थित दिसतायत. मग ती टप्प्याटप्प्याने तुटलीत. हे टप्पे कसले?” त्यांच्या हातात छापील कागद होता. प्रत्येक टप्पा माझ्या एकेका रीबूटचा होता. त्यांना ते कळलेलं होतं, तरी त्यांनी विचारलं, आणि उत्तर द्यायला मला वेळ दिला.

मी अहवाल पुन्हा लिहिला. ज्युनिअरने कधी विचारलं होतं, मी काय उत्तर दिलं, कोणती फाइल पाहिली, सेवा कधीपर्यंत चालू होती, कोणत्या वेळी मी कोणता नोड बंद केला, हे सगळं त्यात घातलं. ग्राहकांना पाठवायचं पत्रही त्यावरूनच केलं. एक संस्था तरीही सोडून गेली, पहिल्या अहवालानंतरच तिने ठरवलं होतं. ज्युनिअरची मी माफी मागितली. तिने ती नीट ऐकून घेतली. काही महिन्यांनी तिने दुसरी नोकरी धरली. कारण पगाराचं सांगितलं, आणि तसं असेलही. पण त्या बैठकीनंतर तिने मला पूर्वीसारखे प्रश्न विचारणं बंद केलं होतं. तिचे ते प्रश्न गमावणं हे माझं या सगळ्यातलं सर्वांत मोठं नुकसान आहे असं मला वाटतं.

यानंतर नवा क्लस्टर बसवला, सामाईक पत्ता देऊन. कंट्रोल प्लेनसाठी मी तीन मशीनं मागितली, दोन मिळाली. एकापेक्षा दोन बरी म्हणून मी मान डोलावली, आणि ते चूक होतं. क्लस्टरची सगळी माहिती ठेवणाऱ्या एटसीडीला प्रत्येक लिखाणासाठी बहुमत लागतं. तीन सदस्यांमधला एक गेला तरी दोघांचं बहुमत राहतं. दोनांमधला एक गेला की उरलेल्या एकाला काहीच लिहिता येत नाही. म्हणजे दोन मशीनं ठेवून मी बंद पडण्याच्या शक्यता दुप्पट केल्या होत्या. मला हा हिशोब येत होता. मागणी नाकारली गेली तेव्हा मी तो मांडला नाही, कारण त्या दुपारनंतर पैसे मागण्याचा मला संकोच वाटत होता. पुढे त्यातल्या एका मशीनची डिस्क गेली. एटसीडीचे स्नॅपशॉट रोज रात्री घेतले जात होते आणि त्याच डिस्कवर साठत होते. दुसऱ्या मशीनवरच्या डेटा फोल्डरमधून क्लस्टर परत उभा करता आला. या वेळी मी कोणतंही चालू मशीन रीबूट केलं नाही, आणि पतसंस्थांना काही कळलं नाही. तिसरं मशीन त्याच आठवड्यात मागितलं, कागदावर हिशोब मांडून, आणि ते मिळालं.

असे बिघाड मोठ्यांकडेही होतात. १४ मार्च २०२३ ला रेडिट ही मोठी साइट ३१४ मिनिटं बंद होती. त्यांनी कुबरनेटीसचा एक क्लस्टर १.२३ वरून १.२४ वर नेला. १.२४ मध्ये कंट्रोल प्लेनच्या नोडवरचं ‘मास्टर’ हे जुनं लेबल काढून टाकलेलं होतं, आणि त्यांच्या कॅलिकोची रचना नेमकी त्या लेबलावर अवलंबून होती. लेबल गेलं, नेटवर्क गेलं. त्यांच्या अभियंत्यांनी हे सगळं क्रमाने लिहून लोकांसमोर ठेवलं: काय समजलं नाही, किती वेळ चुकीच्या दिशेने शोधलं, बॅकअपवरून परत यायचा निर्णय कसा घेतला, आणि ती परत आणण्याची पद्धत किती जुनी झाली होती. मी ते अनेकदा वाचलं आहे. नव्याने येणाऱ्या मुलांना मी आमचे दोन्ही अहवाल वाचायला देतो, आधी पहिला, मग दुसरा, आणि त्यांच्यासोबत रेडिटचा.

आता क्यूबएडीएममध्ये सर्टिफिकेटांची मुदत आपल्याला हवी तशी ठरवता येते, १.३१ पासून ती सोय आली. मी ती वर्षाचीच ठेवतो. लांबवली तर अपग्रेडही लांबेल, हे मला स्वतःबद्दल माहीत आहे. तारखा आमच्या देखरेखीच्या पडद्यावर असतात आणि इशारा एका माणसाला जात नाही, सगळ्यांना जातो. स्नॅपशॉट वेगळ्या इमारतीत जातात, आणि दर तिमाहीला एका मोकळ्या मशीनवर त्यातून क्लस्टर उभा करून पाहतो. ते काम मी करत नाही. त्या वेळी टीममध्ये जो सगळ्यात नवा असेल तो करतो आणि मी शेजारी बसतो.

तुमच्या ताब्यात स्वतः बसवलेला क्लस्टर असेल तर ‘क्यूबएडीएम सर्ट्स चेक-एक्सपिरेशन’ ही कमांड आज देऊन पाहा. दिसणाऱ्या यादीतली प्रत्येक ओळ वाचा, फक्त पहिली नको. आणि ती तारीख तुमच्याखेरीज आणखी कुणालातरी माहीत असू द्या.